एकट्याने कन्सल्टिंग करताय आणि रेफरल हवेत? पोझिशनिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वतंत्रपणे काम करणाऱ्या कन्सल्टंट मंडळींकडून रेफरल (कोणीतरी तुमचं नाव दुसऱ्याला सुचवणं) आणि पोझिशनिंग (तुम्ही कोणाच्या कोणत्या अडचणीसाठी ओळखले जाता ते) याबद्दल जे प्रश्न सारखे येतात ते इथे एकत्र केलेत. कुठूनही वाचा, फक्त पहिली दोन उत्तरं आधी वाचा कारण बाकीची त्यांच्यावरच उभी आहेत.

माझं काम चांगलं आहे, क्लायंट खुश आहेत, तरी रेफरल का येत नाहीत?

कारण खुश असणं वेगळं आणि नेमक्या वेळी तुमचं नाव आठवणं वेगळं. रेफरल कसा होतो ते जरा डोळ्यांसमोर आणा. तुमचा जुना क्लायंट कोणाशी तरी बोलतोय, विषय भलताच चाललाय, आणि मध्येच समोरचा म्हणतो, "अरे आमच्याकडे दोन वर्षांत तिसरा सेल्स हेड सोडून गेला, काय चुकतंय तेच कळत नाही." त्या क्षणी तिथे तुम्ही नसता, तुमची वेबसाइट नसते, ते सुंदर पीपीटी पण नसतं, जे काय व्हायचं ते त्या ऐकणाऱ्याच्या डोक्यात पुढच्या चार-पाच सेकंदांत होतं. त्याच्या डोक्यात तुम्ही "मॅनेजमेंट कन्सल्टंट, माणूस हुशार आहे" एवढेच असाल तर सेल्स हेड सोडून गेला हे ऐकून तुमचं नाव निघायचं काही कारणच नाही. पण "सेल्सची माणसं टिकत नसली की यांना बोलवायचं" असे बसलेले असाल तर नाव आपोआप तोंडावर येतं.

हा माझा नुसता अंदाज नाही. एन्डेल टल्विंग आणि डोनाल्ड थॉमसन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये मांडलं होतं की एखादी गोष्ट लक्षात ठेवताना जी खूण तिच्याबरोबर साठवली गेली तीच खूण पुन्हा समोर आली तर आठवण चटकन वर येते, नाहीतर गोष्ट डोक्यात असूनही सापडत नाही. तुमच्या क्लायंटला तुम्ही विसरलेले नसता. फक्त समोरच्याची तक्रार आणि तुमचं नाव यांची गाठ त्याच्या डोक्यात कधी बांधलीच गेलेली नसते, आणि ती बांधून देणं हे तुमचं काम आहे, त्याचं नाही.

दुसऱ्याला माझं नाव सुचवायला लोक का कचरतात? त्यांचं काय जातं?

त्यांचं बरंच जातं. नाव सुचवणारा तुमच्यासाठी शब्द टाकतो, आणि काम बिघडलं तर तुमच्या आधी त्याला ऐकून घ्यावं लागतं. त्यात कन्सल्टिंग हे असं काम की विकत घ्यायच्या आधी सोडा, घेतल्यानंतरसुद्धा नीट सांगता येत नाही की फरक कन्सल्टंटमुळे पडला की तसाही पडणार होता. अर्थशास्त्रात अशा सेवांवर १९७३ मध्येच डार्बी आणि कार्नी यांनी लिहिलंय, की इथे ग्राहकाला शेवटी विश्वासावरच चालावं लागतं. आणि त्याच्या तीन वर्षं आधी जॉर्ज अकेरलॉफ यांनी वापरलेल्या गाड्यांचं उदाहरण घेऊन दाखवलं होतं की घेणाऱ्याला चांगलं-वाईट ओळखता येत नसेल तर सगळा बाजारच संशयाने चालतो.

आता सुचवणाऱ्याच्या जागी उभं राहून बघा. "हे सगळ्यात मदत करतात" असं सांगणं म्हणजे सगळ्याची जबाबदारी घेणं झालं. "गोदामातला माल आणि सिस्टीममधला आकडा जुळत नसेल तर हे बघतात, आमच्याकडे तेच केलं" असं सांगणं सोपं, कारण तो फक्त डोळ्यांनी पाहिलेलं सांगतोय. फोकसमुळे तुम्ही लक्षात तर राहताच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे सुचवणाऱ्याची जोखीम कमी होते. ही दुसरी बाजू फार लोक बघत नाहीत.

पोझिशनिंग म्हणजे टॅगलाइन का?

नाही. टॅगलाइन नसली तरी चालेल. पोझिशनिंग म्हणजे कोणासाठी काम करता, त्यांच्या कोणत्या अडचणीवर करता, ती अडचण नेमकी कधी डोकं वर काढते, आणि तुम्ही येऊन गेल्यावर काय बदललेलं असतं, हे ठरवणं आणि मग त्यालाच धरून राहणं. यातला "कधी" हा भाग जवळपास सगळे गाळतात आणि रेफरलसाठी सगळ्यात कामाचा तोच असतो. संस्थापक पहिल्यांदाच बाहेरचा सीईओ आणतोय, मोठा ग्राहक अचानक सुटलाय, ऑडिटमध्ये शेरा आलाय, दोन कंपन्या एकत्र होतायत, टीम २० वरून ६० वर गेलीय, या अशा गोष्टी लोक गप्पांमध्ये स्वतःहून बोलतात. "आम्हाला स्ट्रॅटेजिक अलाइनमेंट हवंय" असं कोणी कोणाला चहाच्या सुट्टीत सांगत नाही.

एवढं अरुंद केलं तर बाकीची कामं हातची जातील ना?

ही भीती सगळ्यांना वाटते आणि ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही, काही चौकशा खरंच कमी होतात. पण आधी हे बघा की तुम्हाला एका वर्षात कामं लागतात किती. एकटा माणूस नीट लक्ष देऊन करू शकेल अशी मोठी कामं वर्षात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच असतात. म्हणजे तुम्हाला अख्खा बाजार नकोच आहे, तुम्हाला मोजक्याच लोकांकडून मोजकीच पण नेमकी कामं हवीत, आणि तरी आपण बोलताना असं बोलतो की जणू हजार लोकांना पुरवठा करायचाय.

दुसरं म्हणजे पोझिशनिंग हे दारावरची पाटी आहे, आतल्या कामाची हद्द नाही. लोक एका अडचणीसाठी आत येतात, मग विश्वास बसला की "हे पण बघाल का" म्हणून दुसरं काम देतात, ते तुम्ही खुशाल करा, कोणी अडवलंय. फक्त ते दुसरं काम पाटीवर लिहायला जाऊ नका. दहा गोष्टी लिहिल्या की वाचणाऱ्याला वाटतं एक ना धड भाराभर चिंध्या, आणि त्यातली जी एक गोष्ट तुम्हाला खरंच कोणाहीपेक्षा चांगली येते तीपण त्या गर्दीत दिसेनाशी होते.

मग किती अरुंद करायचं? आधी इंडस्ट्री निवडू की अडचण?

दोन्ही चालतात पण त्यांची चाल वेगळी. एका इंडस्ट्रीला धरलंत तर फायदा असा की त्या लोकांची आपापसात उठबस असते, तीच संमेलनं, तेच ग्रुप, माणसं पण एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत जातात, त्यामुळे नाव आतल्या आत फिरतं. तोटा असा की ती इंडस्ट्री मंदीत गेली की तुम्हीही मंदीत. अडचणीला धरलंत तर कुठल्याही क्षेत्रातून काम येऊ शकतं, पण ती अडचण लोकांनी उघडपणे बोलून दाखवण्यासारखी असावी लागते. काही अडचणी लोक लपवतात, उदाहरणार्थ भागीदारांमधलं भांडण किंवा पैशाचा घोळ, तिथे गप्पांमधून रेफरल येत नाही, तिथे तो वकील किंवा अकाउंटंट यांच्याकडून येतो कारण ती गोष्ट फक्त त्यांनाच माहीत असते.

मला स्वतःला दोन्ही थोडंथोडं एकत्र केलेलं आवडतं, म्हणजे "कुटुंबाच्या कंपन्या, जिथे पुढची पिढी कारभार हातात घेतेय". आणि पुरेसं अरुंद झालंय का हे तपासायला एक साधी गोष्ट करा. तुमची ओळ, म्हणजे कोणासाठी काय करता हे सांगणारं एक वाक्य, ओळखीच्या कोणाला तरी ऐकवा आणि विचारा, "हे ऐकून कोणाचं नाव डोळ्यांसमोर येतं?" खरं नाव आलं तर अरुंदपणा बरोबर आहे. "असे खूप असतील" म्हणाला तर अजून रुंद आहे. आणि खूप विचार करून, डोकं खाजवूनसुद्धा कोणीच आठवलं नाही, तेही तीन-चार जणांच्या बाबतीत, तर बहुतेक जास्तच अरुंद झालंय किंवा मग तुम्ही चुकीच्या वर्तुळात विचारताय.

ती ओळ लिहायची कशी? माझी नेहमी ब्रोशरसारखी होते.

ब्रोशरसारखी होते कारण आपण स्वतःच्या कौशल्यापासून सुरू करतो. क्लायंटच्या तक्रारीपासून सुरू करा. जुने ईमेल काढा, विशेषतः क्लायंटने तुम्हाला पाठवलेला पहिला ईमेल, त्यात त्याने अडचण कोणत्या शब्दांत सांगितली होती ते बघा, ते शब्द सोन्यासारखे आहेत. नंतरच्या रिपोर्टमध्ये तुम्ही त्यालाच "प्रोसेस मॅच्युरिटी गॅप" केलेलं असतं पण त्याने लिहिलं होतं "प्रत्येक ऑर्डर माझ्यापर्यंत आल्याशिवाय पुढे सरकतच नाही".

"मी संस्थांना ऑपरेशनल एक्सलन्स साधायला मदत करतो" ही ओळ चूक नाही, पण ती कोणीच पुन्हा उच्चारणार नाही. "मालकाने सही केल्याशिवाय ज्या फॅक्टरीत काहीच हलत नाही, तिथे मी कामं खालच्या लोकांच्या हातात सोपवून देतो" ही लांब आहे, जरा ओबडधोबड आहे, पण ऐकणारा उद्या कोणाला तरी अर्धीमुर्धी का होईना सांगेल. अर्धीमुर्धी सांगितली तरी अर्थ पोचतो का, हीच खरी परीक्षा. एखाद्याला ओळ ऐकवा, आठवड्याने त्यालाच विचारा की मी काय करतो रे, आणि तो जे म्हणेल ते जसंच्या तसं लिहून घ्या. बरेचदा त्याने म्हटलेली ओळ तुमच्यापेक्षा चांगली असते, मग तीच वापरा.

विशेषणं काढून टाका. अनुभवी, विश्वासू, परिणामकारक वगैरे, हे दुसऱ्याने तुमच्याबद्दल बोलायचे शब्द आहेत.

रेफरल नेमके येतात कोणाकडून? जवळच्या मित्रांनाच सांगू का?

त्यांना सांगा, पण तिथेच थांबू नका. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये एक लेख लिहिला जो आजही वाचला जातो. ज्यांना ओळखीतून नोकरी मिळाली त्यांना त्याने विचारलं की तो ओळखीचा माणूस तुम्हाला त्या काळात किती वेळा भेटायचा. नेहमी भेटणारे निघाले १६.७ टक्के, अधूनमधून भेटणारे ५५.६ टक्के आणि क्वचित भेटणारे २७.८ टक्के. पुढे २०२२ मध्ये सायन्स या नियतकालिकात लिंक्डइनवरच्या २ कोटींहून जास्त लोकांवर केलेल्या प्रयोगांचा अभ्यास आला, त्यातही नोकरी बदलायला सगळ्यात उपयोगी ठरल्या त्या मध्यम सैल ओळखी, अगदी घट्ट नाहीत आणि अगदी नावापुरत्याही नाहीत. हे नोकरीबद्दल आहे, कन्सल्टिंगच्या कामाबद्दल नाही, पण कारण दोन्हीकडे तेच लागू होतं असं मला वाटतं. जवळचे मित्र तुमच्याच वर्तुळात असतात, त्यांना जे माहीत ते तुम्हालाही माहीत असतंच, नवीन बातमी येते ती बाहेरच्या वर्तुळातून.

आणि आता यातली पोझिशनिंगची गोम बघा. जवळचा मित्र तुमची ओळ कितीही गोंधळाची असली तरी समजून घेतो, कारण तो तुम्हाला वर्षानुवर्षं ओळखतो. सैल ओळखीचा माणूस तेवढे कष्ट घेणार नाही. त्याच्या डोक्यात तुमच्याबद्दल एकाच वाक्याची जागा आहे, ते वाक्य स्वच्छ असलं तर राहतं, नाहीतर "काहीतरी कन्सल्टिंग करतो तो" असं होतं.

जुन्या क्लायंटइतकेच महत्त्वाचे असतात शेजारच्या कामातले लोक. तुमच्या क्लायंटची अडचण तुमच्याआधी कोणाला दिसते, हा प्रश्न स्वतःला विचारा. अकाउंटंटला आकडे बिघडलेले आधी दिसतात, सॉफ्टवेअर बसवणाऱ्याला दिसतं की लोक सॉफ्टवेअर वापरतच नाहीयेत, भरती करणाऱ्या एजन्सीला एकाच जागेसाठी परत परत फोन येतो. अशा मंडळींना तुमची जाहिरात नकोय, त्यांना फक्त हे माहीत हवंय की अमुक दिसलं की यांना कळवायचं, आणि तुम्ही त्यांचं काम खाणार नाही. हे दुसरं तर स्पष्ट शब्दांत सांगून टाका.

रेफरल मागायला लाज वाटते. कसं मागायचं?

"कोणी असेल तर सांगा" हे मागणं नाही, यात समोरच्याला सगळा विचार करायला लावलाय. मागायचं तर नेमकं मागा, आणि काम संपून सहा महिने झाल्यावर नाही तर क्लायंटने स्वतःहून "बरं झालं हे केलं" म्हटलं तेव्हा. साधारण असं:

"तुमच्याकडे जे झालं, म्हणजे टीम पटकन वाढली आणि निर्णय सगळे तुमच्याजवळ येऊन अडकले, तसंच कोणाकडे चाललंय असं कानावर आलं तर माझं नाव सांगा. ते माझ्याशी अर्धा तास बोलले तरी त्यांना कळेल की बाहेरची मदत लागणार आहे की नाही, आणि लागत नसेल तर मी तसं सांगेन."

यात लाजण्यासारखं काही नाही, कारण तुम्ही उपकार मागत नाही आहात, समोरच्याला त्याच्या ओळखीच्या माणसाला मदत करायची एक संधी देताय. शेवटचं वाक्य मात्र गाळू नका. "लागत नसेल तर मी सांगेन" यामुळे सुचवणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो की आपण कोणाला सेल्स कॉलच्या तोंडी देत नाही आहोत. आणि मग बोलल्याप्रमाणे वागा.

सोबत चार-पाच ओळींचा एक मेसेज तयार ठेवा जो त्याला जसाच्या तसा फॉरवर्ड करता येईल. लोकांना मदत करायची इच्छा असते, पण तुमच्याबद्दल बसून लिहायचा कंटाळा असतो, आणि अर्धे रेफरल त्या कंटाळ्यातच मरतात असं माझं मत आहे.

चुकीची कामं रेफर होऊन येतात. नाही म्हटलं तर सुचवणारा दुखावेल ना?

दुखावेल जर तुम्ही नुसतं नाही म्हटलं तर. आलेल्या माणसाला दुसऱ्या योग्य कन्सल्टंटकडे पोचवा आणि सुचवणाऱ्याला लगेच कळवा, "धन्यवाद, बोलणं झालं, त्यांना खरं तर पगाराच्या रचनेचं काम हवं होतं तर मी त्यातल्या माणसाची गाठ घालून दिली, माझ्याकडे येतात ते असे असे लोक." हा निरोप म्हणजे तुमचं पोझिशनिंग पुन्हा एकदा सांगायची उत्तम संधी आहे, आणि तीही अशा माणसाला ज्याने शब्द टाकायची तयारी आधीच दाखवलीय. चुकीचं काम गप्प घेतलंत तर पुढचे सगळे रेफरल तसेच येणार, कारण त्याला वाटणार हेच हवं होतं.

रेफरल फी द्यावी का?

मी शक्यतो देऊ नये म्हणेन. पैसे आले की सुचवणाऱ्याच्या शब्दाचं वजन कमी होतं, क्लायंटला नंतर कळलं तर जास्तच. शिवाय वकिली, वैद्यकीय, हिशेबतपासणी अशा व्यवसायांत बऱ्याच ठिकाणी अशा फीवर बंधनं आहेत, म्हणजे तुम्ही चांगल्या मनाने दिलेले पैसे समोरच्याला अडचणीत आणू शकतात. द्यायचीच असेल तर क्लायंटला आधी सांगून, लेखी. त्यापेक्षा काय झालं ते वेळोवेळी कळवणं आणि आभार मानणं, आणि त्याच्याकडे कामं पाठवणं, याने नातं जास्त टिकतं.

मी नवीन आहे, दाखवायला कामं नाहीत. तरी फोकस करू?

उलट तुम्हालाच जास्त गरज आहे. नोकरीत असताना कोणती कटकट तुमच्याकडेच यायची, सहकारी कोणत्या गोष्टीसाठी तुमच्या टेबलाशी यायचे, तिथून सुरुवात करा. पहिलं काम बेताचं आणि ठरावीक मुदतीचं घ्या, पण ठरवलेल्या अडचणीवरचंच घ्या. एकाच प्रकारची तीन लहान कामं तुम्हाला बोलायला जेवढा मसाला देतात तेवढा तीन वेगवेगळी मोठी कामं देत नाहीत. फक्त पोझिशनिंगमध्ये न केलेल्या कामाचा दावा करू नका, सुचवणाऱ्याचा शब्द त्यावर पणाला लागतो.

गोपनीयतेमुळे क्लायंटची नावं सांगता येत नाहीत, मग पुरावा काय देऊ?

नावाशिवाय परिस्थिती सांगा. कोणत्या आकाराची कंपनी, काय अडलं होतं, आधी काय करून बघितलं होतं, तुम्ही काय केलं, शेवटी काय बदललं. ओळख पटेल असे तपशील काढा आणि शंका असेल तर क्लायंटला दाखवून घ्या. ऐकणाऱ्याला नावापेक्षा "हे तर आमच्यासारखंच" असं वाटणं महत्त्वाचं असतं.

वेबसाइट आणि लिंक्डइनवर काय बदलू?

फार नाही. रेफरलने आलेला माणूस ठरवून आलेला असतो, तो फक्त खात्री करायला बघतो की मला जे सांगितलं तेच इथे दिसतंय का. मित्राने सांगितलं एक आणि साइटवर दुसऱ्याच बारा सेवा, असं दिसलं की तो थबकतो. पहिल्या स्क्रीनवर तीच ओळ, खाली दोन-तीन गोष्टी, संपर्क, बास. लिंक्डइनच्या हेडलाइनला २२० अक्षरं मिळतात, त्यात पदव्या आणि पदं कोंबण्यापेक्षा कोणाची कोणती अडचण, एवढंच लिहा.

आधी दुसऱ्याच कामासाठी नाव झालंय. बदलायचं कसं?

जुन्या लोकांच्या डोक्यातलं पुसता येत नाही, त्यावर नवीन बसवावं लागतं. पंधरा-वीस महत्त्वाच्या माणसांना एकेकट्याला लिहा, सगळ्यांना एकच ढकलपत्र नको. यापुढे काय करणार, काय करणार नाही, आणि जुन्या प्रकारचं काम आलं तर कोणाकडे पाठवायचं हे तिन्ही सांगा. तिसरं सांगितलं नाही तर ते काम तुमच्याकडेच येत राहील. मधल्या काळात जुन्या कामावर घर चालवायला हरकत नाही, एका दिवसात दोर कापून टाकायची गरज नसते, फक्त बोलताना नवीनच बोला.

हे चालतंय की नाही कसं ओळखायचं? किती वेळ लागतो?

वेळ तुमच्या क्लायंटची अडचण किती वेळा उद्भवते त्यावर आहे. वर्षातून एकदा येणारी अडचण असेल तर महिन्याभरात निकाल मागू नका. रेफरलची संख्या मोजण्याआधी शब्दांकडे लक्ष द्या. कोणी ओळख करून देणारा ईमेल पाठवला की त्यातलं तुमच्याबद्दलचं पहिलं वाक्य एका फाईलमध्ये उतरवून ठेवा. सुरुवातीला "माझे चांगले मित्र, खूप अनुभव आहे" असं असतं. हळूहळू त्यात अडचणीचं नाव यायला लागतं. मग एक दिवस असा फोन येतो की समोरचा तुम्हाला कधीच भेटलेला नाही, सुचवणाऱ्यालाही तुम्ही ओळखत नाही, आणि तो बोलायला सुरुवातच करतो "आमच्याकडे सगळं माझ्या सहीवर अडतंय, तुम्ही हेच बघता ना?" पहिल्याच कॉलला असं ऐकू आलं तर ओळ बदलू नका, तिचा तुम्हाला कितीही कंटाळा आलेला असला तरी.